रात्रीचा पहारा किती दिवस?

पत्र

ताई,

माझी मुलगी २६ आठवडे ४ दिवसांची जन्मली. वजन ८४० ग्रॅम. ८२ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, त्यातले १९ दिवस व्हेंटिलेटरवर. घरी आणली तीही ऑक्सिजनसकट. सात महिन्यांनी तो सुटला. डिस्चार्ज कार्डावर ‘ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेसिया’ हा फुप्फुसाचा आजार लिहिलाय, घरात आम्ही बीपीडी म्हणतो. आता ती २ वर्षं ७ महिन्यांची आहे. पळते, बडबडते, भावाचे केस ओढते. पण साधी सर्दी झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरते. गेल्या वर्षी दोनदा ॲडमिट करावं लागलं. श्वासातून औषध द्यायचा पंप रोज दोन वेळा चालू आहे.

मी रात्री झोपत नाही. ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं मशीन आहे ते पाच-सहा वेळा लावून बघते. ९५ दिसलं की पाठ टेकते, ९२ दिसलं की तिला हलवून जागी करते. नवरा म्हणतो, डॉक्टर ठीक म्हणतायत, आता तू स्वतःला दाखव. (तो सिगारेट ओढतो, पण बाल्कनीत जाऊन.) सासूबाईंना वाटतं पंपाची सवय लागेल. ती रडली की खोकते, म्हणून मी तिला रडूच देत नाही. मागेल ते हातात येतं. तिला प्लेग्रुपला घालावं की नाही, कळत नाही.

परवा मोठा मुलगा, सात वर्षांचा, उशीत तोंड खुपसून खोकताना दिसला. विचारलं तर म्हणाला, ‘मला कुठे खोकलाय?’

आणि एक. सहाव्या महिन्यात मी ऑफिसचे तीन जिने रोज चढत होते. त्यामुळे झालं का हे?

— झोप उडालेली आई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. ‘आणि एक’ म्हणून कागदाच्या तळाशी जे येतं तेच माणूस सगळ्यात जास्त दिवस उराशी धरून बसलेलं असतं. जिन्यांमुळे नाही झालं. बाळ इतकं लवकर का येतं, याचं नेमकं कारण बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सापडत नाही. पिशवीत जंतुसंसर्ग, आईचा रक्तदाब, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडणं, जुळं असणं, अशी काही कारणं माहीत आहेत. त्यांत जिने नाहीत. उलट बायकांना महिनोन्महिने झोपवून ठेवल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतात, असंही कुठे सिद्ध झालेलं नाही. तुम्ही लिफ्टने गेला असतात तरी ती त्याच दिवशी आली असती. याउप्पर हा प्रश्न रात्री आला, तर तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि जुन्या फाइलीसकट समोर बसून विचारा, ‘माझ्या केसमध्ये काय झालं होतं?’ फार कमी आया हे विचारतात. ज्या विचारतात त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मी पाहिलंय.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी बावीस वर्षं एनआयसीयूत परिचारिका होते. डॉक्टर नाही. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात औषधाचा डोस नाही, आणि तुमच्या मुलीचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

तिच्या फुप्फुसाचं काय झालं, हे तुम्हाला कुणी निवांत बसून सांगितलंय का? बहुधा घाईत सांगितलं असेल, आणि तुम्ही तेव्हा ऐकण्याच्या अवस्थेत नसाल. पोटात सव्विसाव्या आठवड्याला फुप्फुसात फक्त नळ्या असतात आणि त्यांच्या टोकांना नुकत्या धरू लागलेल्या पिशव्या. हवेची देवाणघेवाण करणारे खरे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, मुख्यतः छत्तिसाव्या आठवड्यानंतर बनायला लागतात. पूर्ण दिवसांचं मूलही जन्मतं तेव्हा त्याचे थोडेच तयार असतात; मोठ्या माणसाच्या छातीत ते तीस कोटींच्या वर भरतात. उरलेलं बांधकाम जन्मानंतर चालू राहतं, पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात आणि पुढे सावकाश. तुमच्या मुलीला हे बांधकाम अर्ध्यावर असताना त्याच घरात राहायला यावं लागलं. मशीनचा दाब आणि ऑक्सिजन, ज्यांनी तिला जगवलं, त्यांनीच त्या ओल्या भिंतींना ओरखडेही काढले. नंतर जे वायुकोश बनले ते संख्येने कमी आणि आकाराने मोठे, म्हणजे हवा घ्यायला पृष्ठभाग कमी. नळ्याही अरुंद. अरुंद नळीत थोडा शेंबूड साचला तरी वाट बंद होते. तुमच्या मुलाला जी सर्दी नाकात होते ती हिच्या छातीत उतरते, ते यामुळे. तुमच्या हयगयीमुळे नाही.

इथे थोडं विषयांतर करते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे लवकर. वजन दोन किलोच्या वर. तो दोन दिवसांत गेला, कारण फुप्फुस उघडं ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ बाहेरून देण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. बीपीडी हा आजारसुद्धा पहिल्यांदा कागदावर आला १९६७ मध्ये, आणि तो ज्या बाळांत दिसला ती तुमच्या मुलीपेक्षा बरीच मोठी होती. ८४० ग्रॅमची बाळं तेव्हा आजारी पडण्याइतकी जगतच नसत. हे सांगायचं कारण, तुमच्या मुलीसारख्या मुलांचं बालपण कसं वाढवायचं याचा घराघरांत साठलेला अनुभव नाही. सासूबाईंनी असं मूल पाहिलेलं नाही, त्यांच्या आईनेही नाही. त्या चुकीचं सांगतात तेव्हा वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांच्यापाशी दुसरं काही नाही.

आता रात्रीकडे येऊ.

तुमचं बोटाचं मशीन मोठ्या माणसांचं आहे ना? मला जवळजवळ खात्री आहे, कारण घरोघरी तेच असतं. त्या चिमट्यात एका बाजूला दिवा आणि समोरच्या बाजूला तो उजेड मोजणारा डोळा असतो. दोन्ही बरोबर समोरासमोर आले तरच आकडा खरा. अडीच वर्षांच्या मुलीचं बोट त्यात तिरकं बसतं, बाजूने उजेड निसटतो. त्यात हात गार असेल, झोपेत बोट हललं असेल, तर मशीन जे दाखवतं तो अंदाज असतो. मशीन उत्तम असलं, बरोबर बसलेलं असलं, तरी दोन-तीन आकड्यांचा फरक त्यात धरलेलाच असतो. म्हणजे तुमचे ९५ आणि ९२ ही एकाच मुलीची एकाच क्षणाची दोन मोजमापं असू शकतात. आणि तुम्ही ९२ दिसताच तिला हलवता! ती दचकते, हात ओढते, मशीन सरकतं, आकडा आणखी खाली जातो. मग तुमच्या छातीत धडधड. हा खेळ मी वॉर्डात नव्या मुलींना रोज खेळताना पाहिलाय. आमच्या सिस्टर इन्चार्ज त्यांच्या खांद्याला धरून त्यांचं तोंड मॉनिटरकडून बाळ ठेवलेल्या काचेच्या पेटीकडे वळवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, नुसतं वळवायच्या.

याचा अर्थ आकडा बिनकामाचा, असा नाही. बीपीडीच्या मुलांत झोपेतला ऑक्सिजन खरंच कमी राहत असेल तर त्याचा ताण हृदयावर आणि वाढीवर येतो, म्हणून ते तपासलंच पाहिजे. पण तपासायचं नीट. लहान मुलांचा चिकटपट्टीचा प्रोब पायाच्या अंगठ्याला लावून रात्रभराची नोंद घेता येते, आणि तिचा कागद डॉक्टर वाचतात. तुमच्या पाच-सहा अर्धवट आकड्यांपेक्षा त्या एका रात्रीचा कागद मोलाचा. ऑक्सिजन सोडताना अशी नोंद घेतली होती का, ते विचारा. घेतली असेल तर निकाल पुन्हा समजून घ्या. नसेल किंवा जुनी झाली असेल तर आता होईल का, हे विचारा. आणि ‘मला रात्री ९२ दिसतं’ हे आधी सांगा. ते तुम्ही सांगितलेलं नाही असा माझा संशय आहे, कारण पत्रात ‘डॉक्टर ठीक म्हणतायत’ हे वाक्य नवऱ्याचं आहे, तुमचं नाही. बीपीडीच्या मुलांसाठी साधारणपणे ९२ किंवा त्याहून वर ठेवायचं धरतात, पण तुमच्या मुलीचा आकडा तिच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात हवा. घरी मोजायची गरज आहे का, असेल तर कधी, कुठल्या आकड्याला फोन करायचा आणि कुठल्याला थेट निघायचं. एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आणि तिच्याकडे बघायला शिका. म्हणजे तुम्ही बघताच, पण मशीनमधून. ती बरी असताना, गाढ झोपलेली असताना, अंगातला सदरा छातीपर्यंत वर करा. मंद दिवा पुरे. पोट वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, मुलांचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच घाई करतो. असं चार-पाच रात्री करा, लिहून ठेवा. तो तिचा स्वतःचा आकडा. एक ते पाच वर्षांच्या मुलांत मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगाने, असं डॉक्टर मानतात, पण तुमच्या मुलीची तुलना तिच्याशीच करायची. बीपीडीच्या काही मुलांच्या बरगड्यांखाली बरं असतानाही थोडी खळी पडते. तिची रोजची खळी केवढी, हे तुम्हाला माहीत असेल तर आजारपणातली खळी लगेच ओळखू येते. बरं असतानाचा एक छोटा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता इमर्जन्सीतल्या अनोळखी डॉक्टरांना ‘नेहमी अशी असते, आज अशी आहे’ हे दाखवायला यासारखं दुसरं काही नाही.

बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, एक वाक्य बोलताना किंवा दोन घोट पिताना ती थांबत असेल, तर वाट बघायची नाही, निघायचं. ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी दिसली, ती उठवून उठेना, किंवा श्वास मध्येच थांबतोय असं वाटलं, तर ॲम्ब्युलन्स. अशा वेळी मशीन ९६ दाखवत असलं तरी ते बाजूला ठेवायचं.

राहिला पहारा. ती ऑक्सिजनवरून कशी उतरली, आठवा. एका दिवसात कुणी नळी काढली नाही. अर्धा लिटर, मग पाव, मग त्याच्याही निम्मा, मग फक्त झोपेत, आणि दर पायरीला काही दिवस थांबून बघितलं. तुमचा पहाराही तसाच उतरवायचा आहे. नवरा म्हणतो तसं ‘आता सोड’ म्हणून सुटणार नाही. नळी ओढून काढली असती तर ती जशी निळी पडली असती तशा तुम्ही पडाल. डॉक्टरांचा कागद हातात आला की, ते हो म्हणत असतील तर, पहिला आठवडा रात्रीतून तीनच वेळा, ठरलेल्या वेळी. पुढचा आठवडा दोनदा. मग झोपवताना एकदा. मग आजारपणातच. मधल्या वेळी जाग आली तर सदरा वर करून बघा, मिनिट मोजा, पण मशीन दुसऱ्या खोलीत. एक दिवसाआड रात्रीची पाळी नवऱ्याची, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं. सर्दी झाली की पहारा पुन्हा वाढवायचा. तिचाही ऑक्सिजन मध्ये एखाद्या सर्दीत पुन्हा वाढवला असेलच, त्याला कुणी हार म्हणालं नव्हतं.

एक कबुली देते. घरी पाठवताना आम्ही आयांना सगळं शिकवायचो. नळी कशी चिकटवायची, सिलिंडर उभा कसा बांधायचा, नाकाला पेट्रोलियम जेली का लावायची नाही. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, हेही बजावायचो. ते लक्ष कधी कमी करायचं, हे मात्र कुणी सांगायचं नाही. मीही बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. बाळ दारातून बाहेर पडलं की आमचं काम संपायचं, आणि तुमचा पहारा तिथून सुरू व्हायचा. १९६४ साली ग्रीन आणि सॉल्निट नावाच्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, की जे मूल जाता जाता वाचलं त्याचे आईवडील ते बरं झाल्यावरही ते जाणारच आहे अशा बेताने त्याला वाढवतात, आणि मग त्या मुलाला शिस्त लागत नाही, झोप लागत नाही, ते आईला सोडत नाही. साठ वर्षांपूर्वीचा शोध आहे, पण डिस्चार्ज कार्डावर त्याचं नाव मी कधी वाचलं नाही.

म्हणून रडण्याचं. तुमची भीती हवेतून आलेली नाही. ज्यांचा बीपीडी जोराचा असतो ती बाळं पहिल्या काही महिन्यांत रडता रडता खरंच निळी पडतात, आणि तुम्ही ते पाहिलं असणार. पण ऑक्सिजन सुटून आता दोन वर्षं होत आली. हल्ली रडताना ओठ निळे होतात का? होत असतील तर डॉक्टरांना सांगा, तो वेगळा विषय. नुसती खोकते, लाल होते, एवढंच असेल, तर रडण्याने फुप्फुस बिघडत नाही. तिला मात्र एव्हाना कळलंय की खोकला हे हत्यार आहे. अडीच वर्षांचं कुठलंही पोर इतकं हुशार असतंच, आणि २६ आठवड्यांचं जन्मून ती इतकी हुशार निघाली याचा आनंद माना. पण चॉकलेटला ‘नाही’ म्हटलं की ते नाहीच. ती रडेल, खोकेल, कदाचित उलटीही करेल. शेजारी बसा, तोंड पुसा, पाणी द्या, आणि चॉकलेट देऊ नका.

नवऱ्याच्या बाबतीत मी इथपर्यंत थोडी त्यांच्या बाजूने होते. आता नाही. बाल्कनीतली सिगारेट बाल्कनीत राहत नाही. शर्टात, दाढीत, हातांत, श्वासात ती घरात येते आणि ते त्या हातांनी मुलीला उचलतात. पोरीच्या अर्ध्या बांधलेल्या फुप्फुसाला जगात सगळ्यात जास्त काय टोचत असेल तर तो धूर. मग तो चुलीचा, डासांच्या कॉइलचा किंवा खोलीला वास यावा म्हणून जाळलेल्या कशाचाही असो. पण तंबाखूचा पहिला. ‘तू स्वतःला दाखव’ म्हणणाऱ्या माणसाने स्वतःलाही दाखवावं. सिगारेट सोडवायला औषधं आणि निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, नुसत्या निश्चयावर बहुतेकांचं भागत नाही. सुटेपर्यंत निदान शर्ट बदलून, हात-तोंड धुऊन मगच तिला घ्यायचं. गाडीत कधीच नाही, ती गाडीत नसतानाही नाही. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. माझ्यावर चिडले तर चालेल.

सासूबाईंचा पंप. सवय लागत नाही. औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून पोटातून दिलेल्या औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. खरा प्रश्न वेगळा आहे. बीपीडी म्हणजे दमा नव्हे. दिसायला सारखा दिसतो, शिट्टी वाजते, धाप लागते, पण दम्याची औषधं यातल्या काहींना छान लागू पडतात आणि काहींना फारशी नाही. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ‘हा पंप तिला उपयोगी पडतोय का, चालू ठेवायचा का’ हे विचारणं हा तुमचा हक्क आहे. स्वतः बंद करायचा नाही. देण्याची रीत एकदा तपासून घ्या: पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नळीला) लावायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता, एक दाब, मग सहा-सात शांत श्वास. दुसरा दाब असेल तर परत हलवून. ती रडत असताना दिलात तर औषध छातीत फार थोडं पोचतं, म्हणून धरून-दाबून देण्यापेक्षा आधी बाहुलीला, मग तिला. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ, आणि मास्कखालचा चेहरा ओल्या कपड्याने पुसायचा.

सासूबाईंना एक काम नक्की देता येईल. वर्षाची फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्यायची, त्यांनी सगळ्यात आधी. मुलीच्या लसी जन्मतारखेप्रमाणे चालतात, दिवस भरायची तारीख त्यात धरायची नसते. काही राहिल्या असतील तर पूर्ण करून घ्या. आणि तिचं वजन शेजारच्या मुलांशी कुणी ताडून पाहू नये. श्वास घ्यायलाच तिची जास्त शक्ती खर्च होते. वाढीच्या तक्त्यावर तिची रेघ वर सरकत असेल तर ठीक. घास कोंबू नका. ज्या तोंडात जन्मल्या जन्मल्या नळ्या गेल्या, ते तोंड पुढे बरीच वर्षं सावध राहतं.

प्लेग्रुपबद्दल माझं मत असं, की घाला, पण आत्ताच नाही. निरोगी लहान मुलांनाही वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात आणि गटात गेल्यावर पहिल्या वर्षी त्या हमखास वाढतात. आरएसव्हीसारखे विषाणू या मुलांना पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जड जातात. तो काळ तुम्ही काढलात. गेल्या वर्षीच्या दोन ॲडमिशन बघता, साथीचे महिने सरू द्या, डॉक्टरांचा होकार घ्या, मग मुलं कमी आहेत अशा जागी आठवड्यातून दोन-तीन दिवस, दोन-दोन तास. तिथल्या बाईंना एक पान लिहून द्या: काय दिसलं की काय करायचं, पंप कसा, फोन कुणाला. बाईंसमोर एकदा पंप देऊन दाखवा, मग त्यांना द्यायला लावा. ज्या जागेला हे झंझट वाटेल ती जागा तिची नव्हे. पळू द्या, दमू द्या, दमली की ती आपण बसेल. व्यायाम या फुप्फुसांना वर्ज्य नाही. पाच-सहा वर्षांची झाली की फुंकर मारायची फुप्फुसाची तपासणी करता येईल, ती करून घ्या. आणि ते डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेवा. ती तिशीची होईल तेव्हाही प्रत्येक नव्या डॉक्टरला हे सांगायचं असेल, आणि सिगारेटला हात का लावायचा नाही हे तिला इतरांपेक्षा आधी कळायला हवं असेल.

तुमच्याबद्दल. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो वाजतो, तेव्हा तुमचे हात गार पडतात का? माझे पडायचे, नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी. आणि त्या पेट्यांमध्ये माझं मूल नव्हतं. ८२ दिवस मॉनिटरचे ते आवाज ऐकलेल्या आयांना, आणि बापांनाही, पुढे तेच डोळ्यांसमोर दिसत राहणं, झोप न लागणं, सतत काहीतरी होणार असं वाटणं, हे खूप होतं. त्याला नाव आहे आणि उपचार आहेत. नवऱ्याने ‘स्वतःला दाखव’ हे टोमणा म्हणून म्हटलं असेल, तरी सल्ला चूक नाही. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, शक्य झालं तर दोघं मिळून. तो माणूस बाल्कनीत जाऊन काय फुंकतोय, हेही तिथेच कळेल.

आणि उशीत खोकणारा मुलगा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. त्याला सर्दी झाली की त्याला बाजूच्या खोलीत पाठवलं जात असणार, ‘तिच्याजवळ जाऊ नको’ असं दिवसातून दहादा ऐकत असणार. सात वर्षांच्या डोक्यात त्याचा हिशेब असा मांडला जातो: माझ्यामुळे ती हॉस्पिटलमध्ये जाते. त्याला शेजारी घेऊन बसा आणि सांगा, की खोकला लपवायचा नाही, आई रागावणार नाही, आणि ती आजारी पडली ती त्याच्यामुळे नाही. खोकला कोपरात करायचा, शाळेतून आल्यावर साबणाने हात धुऊन, कपडे बदलून मग तिला भेटायचं, एवढाच नियम. त्याला खोकला असेल त्या दोन-तीन रात्री तो वेगळ्या खोलीत झोपेल, पण एकटा नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्यापाशी, आणि निदान एक रात्र तुम्ही.

शिवाय त्याला तिच्या आजारपणात एक खरं काम द्या. आठवड्यातून एकदा स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचा असतो, ते त्याच्याकडे सोपवा. फडक्याने पुसायचा मात्र नाही. पुसला की आतल्या प्लास्टिकला स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. तसाच उभा ठेवून निथळू द्यायचा. असं का, हे त्याला नीट समजावून सांगा. सात वर्षांच्या मुलाला ते आवडेल.